न उघडणारी फाइल

म्हैसूर शहरातील चामराजपुरम या भागापासून जवळच, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ साली उभारलेली एक वास्तू आहे. १८९१ साली स्थापन झालेले प्राच्य ग्रंथालय, म्हणजे पुढची प्राच्यविद्या संशोधन संस्था, याच वास्तूत वाढले. या ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना १९०५ साली कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची ताडपत्री पोथी सापडली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. तोपर्यंत हा ग्रंथ इतरांनी केलेल्या उल्लेखांतूनच काय तो ठाऊक होता. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने आणून दिलेली ही पोथी ग्रंथ लिपीत लिहिलेली होती. ज्याला ती लिपी येत नसे, त्याच्यापुरती पोथी बंदच होती. पोथीत मात्र बिघाड काहीही नव्हता.

संगणकावरील एखादी फाइल उघडत नाही, असे आपण म्हणतो तेव्हाही हाच भेद प्रथम करावा लागतो. मजकूर नष्ट झाला आहे, की तो शाबूत असून आपल्याला वाचता येत नाही?

समजा, चामराजपुरममध्ये राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अर्थशास्त्रावरील आपली व्याख्याने वीस वर्षे पॉवरपॉइंटमध्ये सचित्र तयार करून ठेवली आहेत. उद्या सकाळी व्याख्यान आहे, आणि फाइल उघडण्याऐवजी पडद्यावर सूचना येते की मजकुरात दोष आढळला असून दुरुस्तीचा प्रयत्न करता येईल. घाईने होकार दिला जातो. प्रणाली जेवढे वाचता येते तेवढे वाचते, न वाचता आलेल्या स्लाइडच्या जागी कोरी स्लाइड ठेवते आणि फाइल उघडते. समाधानाच्या भरात प्राध्यापक ती त्याच नावाने साठवतात. मूळ फाइल येथे खऱ्या अर्थाने नष्ट झाली. ती मूळ दोषामुळे गेली नाही, उपचारामुळे गेली. म्हणून पहिला नियम असा की, कोणताही उपाय करण्यापूर्वी फाइलीची प्रत काढावी आणि सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. फाइल पेनड्राइव्हवर असेल तर प्रथम ती संगणकावर उतरवून घ्यावी. पुष्कळदा दोष पेनड्राइव्हचा असतो, आणि तशा साधनावर वारंवार वाचन-लेखन करणे म्हणजे कुजत आलेले ताडपत्र पुनःपुन्हा वाकवून पाहण्यासारखेच होय.

यानंतर फाइलीचे आकारमान पाहावे. ही गोष्ट इतकी साधी आहे की जाणकारही ती विसरतात. आकारमान शून्य असेल, तर त्या फाइलीत वाचण्यासारखे काहीच नाही. तिच्यावर वेळ न घालवता जुनी प्रत, ईमेलने पाठवलेली प्रत किंवा ज्या संगणकावर काम केले तेथील स्वयंसाठवणीतील प्रत शोधावी. कधी कधी फाइलीच्या नावाच्या आरंभी एक लाटेसारखी खूण आणि डॉलरचे चिन्ह दिसते. ती प्राध्यापकांची फाइल नव्हेच. मूळ फाइल उघडी असताना पॉवरपॉइंट शेजारी ठेवतो ती ही खूणचिठ्ठी असून तिचे आकारमान दोनशे बाइटांहूनही कमी असते. घाईत लोक हीच उचलून आणतात आणि सभागृहात पोचल्यावर हताश होतात.

आकारमान ठीक असेल, तर फाइलीची जात ओळखावी लागते, आणि त्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आला. त्याच वर्षी तो तयार करणारी फोरथॉट ही कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. १९९७ च्या आवृत्तीत फाइलीची रचना बदलली, आणि २००७ च्या आवृत्तीबरोबर ती पुन्हा मुळापासून बदलली. पहिल्या बदलापूर्वीच्या फाइली आजचा पॉवरपॉइंट उघडत नाही; त्या निर्दोष असल्या तरीही. मधल्या काळातील फाइलीच्या नावाअखेर 'पीपीटी' ही अक्षरे असतात, नव्या फाइलीच्या अखेर 'पीपीटीएक्स'. पण नाव हे वेष्टन आहे, ते कोणीही बदलू शकतो. खरी ओळख फाइलीच्या पहिल्या अक्षरांत असते. प्रत नोटपॅडमध्ये उघडली (आणि न साठवता बंद केली) तर नव्या रचनेची फाइल 'पी' आणि 'के' या दोन रोमन अक्षरांनी सुरू झालेली दिसते. झिप ही बांधणी तयार करणाऱ्या फिल काट्झ यांच्या नावाची ही आद्याक्षरे होत. जुन्या फाइलीच्या आरंभी डोक्यावर नाना चिन्हे असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसतात. येथे एक चकवा आहे. नव्या रचनेच्या फाइलीला संकेतशब्द घातला की तीही जुन्या बांधणीच्या पेटीत ठेवली जाते, म्हणून तिचाही आरंभ जुन्यासारखाच दिसतो. तेव्हा फाइल बिघडली असे म्हणण्यापूर्वी तिला कुलूप तर नाही ना, हे आठवून पाहावे.

'पी-के'ने सुरू होणारी फाइल म्हणजे वस्तुतः एक गाठोडे असते. प्रत्येक स्लाइडचा मजकूर त्यात स्वतंत्र कागदाप्रमाणे असतो आणि चित्रे वेगळ्या कप्प्यात असतात. या गाठोड्याची अनुक्रमणिका आरंभी नसून अखेरीस असते. इंटरनेटवरून उतरवताना फाइल मध्येच तुटली किंवा पेनड्राइव्ह योग्य रीतीने न काढता ओढला गेला, तर नव्वद टक्के मजकूर पोचूनही अनुक्रमणिका पोचत नाही, आणि प्रणालीच्या दृष्टीने गाठोडे उघडण्याचा मार्गच उरत नाही. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा फाइल पुन्हा मागवणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल, तर झिप दुरुस्त करणारी साधने पुढून एकेक कागद शोधत जातात आणि सापडेल ते बाहेर काढतात.

अनुक्रमणिका शाबूत असेल आणि एखादाच कागद बिघडला असेल, तर काम सोपे आहे. प्रतीच्या नावाअखेरची अक्षरे बदलून तेथे 'झिप' लिहावे, गाठोडे उघडावे; 'पीपीटी' नावाच्या कप्प्यात 'मीडिया' हा कप्पा मिळतो. प्राध्यापकांनी जमवलेली पोथ्यांची छायाचित्रे तेथे जशीच्या तशी असतात. मजकुरासाठी नवी कोरी फाइल घेऊन तीत जुन्या फाइलीतील स्लाइड एकेक करून आणाव्यात. जी येताना अडते, तीच दोषी. लिबरऑफिस हा मोफत मिळणारा संचही वापरून पाहावा, कारण पॉवरपॉइंट ज्या दोषापाशी थांबतो तेथे तो पुष्कळदा दुर्लक्ष करून पुढे जातो.

एक कारण मात्र बिघाडाचे नव्हेच. बाहेरून आलेल्या फाइलीवर विंडोज संशयाची खूण करते, आणि त्यामुळे निर्दोष फाइलही दुरुस्तीची मागणी करू लागते. पाठवणारा विश्वासातला असेल तर फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर खूण करावी.

फाइल उघडली, चित्रे दिसली, पण मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी आहे, असाही प्रकार घडतो. आपल्याकडे हा फार. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवीत. फाइलीत साठवलेले असते रोमन अक्षर. त्याला देवनागरी रूप देतो तो केवळ फाँट. तो फाँट सभागृहातील संगणकावर नसेल तर देवनागरीही नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून स्वतःच्या १२८ जागा आहेत, पण जुन्या व्याख्यानांना त्याचा आपोआप लाभ होत नाही. येथे सर्वांत वाईट उपाय म्हणजे ती खिचडी निरर्थक समजून पुसून टाकणे. ती अक्षरे मूळ मजकूरच आहेत. फाँटचे नाव स्लाइडवरील मजकूर निवडला की वर दिसते. तो फाँट बसवावा, किंवा त्या विशिष्ट फाँटसाठी केलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या मात्र मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्या लागतात, कारण जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जात असे आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते.