जुना राउटर ब्रिज करण्यापूर्वी

वरच्या मजल्यावरच्या डेस्कटॉपला वाय-फाय कार्ड नाही आणि केबल न्यायची तर स्लॅबला भोक पाडावं लागतं. अशा घरात माळ्यावर पडून असलेला जुना राउटर खरोखर उपयोगी पडतो. त्याला वायरलेस ब्रिज केलं की तो मुख्य राउटरचं वाय-फाय पकडतो आणि आपल्या लॅन पोर्टमधून डेस्कटॉपला नेट देतो. माझ्या घरी असा ब्रिज चालू आहे. पण नात्यातल्या एका घरी याच उद्योगापायी सगळ्यांचं नेट बंद पडलेलं मी पाहिलं, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

तिथे ब्रिज जोडला त्याच संध्याकाळी काकांचा मोबाइल चालायचा तेव्हा मुलीचा लॅपटॉप अडायचा, आणि जरा वेळाने उलटं. वाय-फायच्या दांड्या पूर्ण, पण पान उघडत नाही. कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासून गेला. लाइन ठणठणीत होती. मी लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहिलं, तर गेटवे १९२.१६८.०.१. मुख्य राउटरचा पत्ता मात्र १९२.१६८.१.१. जुन्या राउटरचं डीएचसीपी चालूच होतं. घरात आयपी पत्ते वाटणारे दोघे झाले होते. ज्याला जुन्याकडून पत्ता मिळे, त्याचं नेट बंद. जुन्याचं डीएचसीपी बंद केलं, सगळी उपकरणं पुन्हा जोडली आणि घर मार्गी लागलं.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुना राउटर रीसेट करा आणि तो एकट्या कॉम्प्युटरला लॅन केबलने जोडा. त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण कोणाला न दिलेला पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग वाय-फायची जोडणी करा, डीएचसीपी बंद करा आणि नवा पत्ता राउटरवर चिकटवून ठेवा. डीएचसीपी बंद झाल्यावर सेटिंगचं पान पुन्हा उघडायला तोच लागतो.

बऱ्याच राउटरमध्ये डब्ल्यूडीएस किंवा क्लायंट मोड आधीच असतो. तेवढ्यावर भागत असेल तर फर्मवेअरला हात लावू नका. ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी घालायचंच असेल, तर खालच्या लेबलवरची आवृत्ती नीट वाचा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एन या एकाच नावाच्या राउटरमध्ये १३व्या आवृत्तीला ८ एमबी फ्लॅश आहे, तर १४व्या आवृत्तीला पुन्हा ४ एमबी. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत. फर्मवेअर घालताना वाय-फाय वापरू नका, केबलच वापरा. आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. मध्येच लाइट गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

वेगाची अपेक्षाही बेताची ठेवा. जुने राउटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि त्यांचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. त्याच रेडिओवरून पुढे वाय-फायही वाटलं, तर वेग साधारण निम्म्यावर येतो. डेस्कटॉपला केबलनेच जोडा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. २०१७ साली उघड झालेली 'क्रॅक' ही त्रुटी मुख्यतः क्लायंटच्या बाजूची होती, आणि ब्रिज झालेला राउटर क्लायंटच असतो. त्यानंतरचं फर्मवेअर ज्याला मिळालेलं नाही, तो राउटर वापरात आणू नका. जुन्याला जोडता यावं म्हणून मुख्य राउटरचं डब्ल्यूपीए२ काढून डब्ल्यूईपी लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. तसं केल्याने सगळ्या घराचं नेटवर्क उघडं पडतं. जुना राउटर डब्ल्यूपीए२ एईएसवर जोडला जात नसेल, तर तो ई-कचऱ्यात द्या आणि डेस्कटॉपला यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावा.