पाळण्याची हौस सगळ्यांनाच असते

चैत्र लागला की गावोगाव जत्रा भरतात. आकाशपाळणा येतो. लाकडी घोड्यांचे चक्र येते. रेवड्या, पिपाण्या, फुगे येतात. पोरंसोरं आठ दिवस आधीपासून पैसे मागू लागतात.

हल्ली जत्रेच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली आहे. शहरांच्या आसपास मोठमोठी खेळांची उद्याने झाली आहेत. त्यांना थीम पार्क म्हणतात. तिथे आगगाडी असते, होड्या असतात, पाण्याच्या घसरगुंड्या असतात, पोटात गोळा आणणारे पाळणे असतात. तिकीट महाग असते. तरी सुगी झाली की चार घरची मंडळी मिळून गाडी ठरवतात आणि जातात.

मंडळी, गाडी भरते तेव्हा घरी कोण राहते? म्हातारी माणसे राहतात. गुरांपाशी एखादा गडी राहतो. आणि ज्या घरात अपंग लेकरू असते, तिथे ते लेकरूही राहते. कोणी दुष्टपणाने त्याला ठेवून जात नाही. "तिला काय कळतंय? उगाच हाल व्हायचे," असे म्हणून ठेवतात.

आम्ही चौतीस वर्षे शाळेत काढली. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, हा समज आम्ही पुष्कळ घरांत पाहिला. तो खरा नाही. मेंदूचा पक्षाघात म्हणून एक दुखणे आहे. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्यात मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग जन्माआधी, जन्मताना किंवा तान्हेपणी दुखावतो. हातपाय ताठरतात. जीभ वळत नाही. लाळ गळते. पण अशा कितीतरी मुलांची समज चांगली असते. सगळे बाहेर निघाले आणि आपल्याला ठेवले, हे त्यांना कळते. ज्यांची समज कमी असते, त्यांनाही पाळणा आवडतोच की. हौस वाटायला चौथी पास असावे लागत नाही.

एका बापाने काय केले

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथे सॅन अँटोनियो हे शहर आहे. त्या शहरात गॉर्डन हार्टमन नावाचे गृहस्थ घरे बांधण्याचा धंदा करीत. त्यांची मुलगी मॉर्गन. तिची समज वयाच्या मानाने कमी आणि शरीरही अधू. एकदा हे कुटुंब सहलीला गेले होते. तिथे पोहण्याचा तलाव होता. तलावात काही मुले चेंडू खेळत होती. मॉर्गनला त्यांच्यात खेळावेसे वाटले. ती जवळ गेली. मुलांना तिच्याशी कसे वागावे ते कळेना. ती पाण्यातून बाहेर पडली आणि निघून गेली.

बापाच्या मनाला ते लागले. मुलांना तरी काय बोल लावणार! त्यांनी अशी मुलगी कधी जवळून पाहिलीच नसेल. पण आपल्या मुलीला दुसऱ्यांबरोबर खेळता येईल अशी जागा कुठे आहे, याचा शोध त्यांनी घेतला. मनाजोगी जागा सापडली नाही. तेव्हा त्यांनी अशी जागा स्वतःच उभी करायचे ठरवले. पूर्वी जिथे दगडाची खाण होती, अशी पंचवीस एकर जमीन घेतली. डॉक्टरांना विचारले, शिक्षकांना विचारले, अपंग मुलांच्या आईबापांना विचारले. २०१० साली ते उद्यान सुरू झाले. त्याला मुलीचेच नाव दिले. मॉर्गन्स वंडरलँड.

तिथे घोड्यांचे चक्र आहे. त्यात चाकाच्या खुर्चीसाठी जागा केली आहे आणि ती जागा खुर्चीसकट वरखाली होते. शेजारचा घोडा वर गेला की खुर्चीतले मूलही वर जाते. आगगाडीत खुर्ची तशीच आत जाते. झोपाळाही असा आहे की खुर्ची त्यावर चढवायची, अडकवायची आणि झोका द्यायचा. मुलाला उचलून ठेवावे लागत नाही.

२०१७ साली त्याला लागून पाण्याचे उद्यान झाले. आता, विजेवर चालणारी खुर्ची पाण्यात नेली तर बिघडते. मग काय करायचे? दाबून भरलेल्या हवेवर चालणारी खुर्ची पिट्सबर्ग इथल्या विद्यापीठाच्या लोकांनी तयार केली. सायकलच्या पंपात हवा दाबली की ती जोराने बाहेर येते ना? त्याच जोरावर ही खुर्ची चालते. तिच्यात वीज नाही, म्हणून भिजली तरी चिंता नाही.

या उद्यानात अपंग माणसाला तिकीट नाही. पण ते केवळ अपंगांचे उद्यान नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. धडधाकट माणसे तिकीट काढून येतात आणि त्याच पाळण्यात बसतात. वेगळे कुंपण घालून तिथे अपंगांना बसवायचे असते, तर मॉर्गनच्या बापाला एवढा खटाटोप करावाच लागला नसता.

पाटी वाचा

अमेरिकेतले उद्यान काही आपल्या वाटेवर नाही. आपल्याला जे जवळ आहे तिथेच जायचे आहे. मग तिथे काय बघायचे?

आमच्या शेजारच्या एका घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. तिला हाच मेंदूचा पक्षाघात. मान सावरते, पण आधाराशिवाय बसता येत नाही. तिची आई आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. मागच्या हिवाळ्यात चार घरे मिळून एका मोठ्या उद्यानात निघाली, तेव्हा आजी म्हणाली, "पोरीला माझ्यापाशी ठेव." आई म्हणाली, "आत्याबाई, दोन वर्षं ठेवली. औंदा न्हेते." आम्हीही त्या गाडीत होतो.

पहिल्याच ठिकाणी अडले. छोट्या आगगाडीपाशी उभा असलेला पोरगा म्हणाला, "असली मुलं इथं चालत नाहीत." मुलीचा बाप मागे वळला. आई मात्र वळली नाही. तिथे पाटी होती. तिने एकेक अक्षर लावून ती मोठ्याने वाचली. लहान मुलांबरोबर मोठे माणूस असावे, हात बाहेर काढू नयेत, एवढेच त्यावर लिहिले होते. ती म्हणाली, "दादा, माझी पोर चालत नाही, असं यात कुठं लिहिलंय? मी तिच्यासंगं बसते." पोराने त्याच्या साहेबाला बोलावले. साहेबाने पाटी पाहिली, मुलीकडे पाहिले आणि साखळी काढली. मुलगी आगगाडीत दोनदा बसली. तिला हसताना आम्ही पूर्वी पाहिले होते, पण एवढे मोठ्याने नव्हे.

पुढे एक उंच पाळणा होता. तिथेही पाटी होती. स्वतःच्या बळावर ताठ बसता आले पाहिजे, दोन्ही हातांनी दांडी धरता आली पाहिजे, असे तिच्यावर लिहिले होते. तीही त्या बाईने वाचली. मुलगी वर बोट करून हट्ट करीत होती. आई म्हणाली, "हा नाही बाई आपला," आणि खुर्ची वळवली. तिथे कोणी अडवायला आलेही नव्हते.

यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवाव्या. पाळणा जोरात फिरतो तेव्हा अंग बाहेर फेकले जाते. आपण नकळत पाय रोवतो, दांडी घट्ट धरतो, मान ताठ करतो. ज्या मुलाला हे करता येत नाही, त्याच्या मानेला हिसका बसतो, किंवा ते दांडीखालून निसटते. म्हणून तिथे "नाही" म्हणणे बरोबर आहे. आईने मांडीवर घट्ट धरले तरी भागत नाही, कारण त्या झटक्यापुढे हातांचे बळ पुरत नाही. ओढणीने किंवा दोरीने मुलाला बांधूही नये. काही बिघडले आणि घाईने उतरायची वेळ आली, तर गाठ सुटत नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यालाही हेच लागू आहे.

पण "इतर गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही" म्हणून नाही म्हणणे, हे चालायचे नाही. २०१६ साली देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. करमणुकीच्या कार्यक्रमांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. भांडायची गरज नाही. साहेबाला बोलवा, एवढे म्हटले तरी पुष्कळदा काम होते.

प्रत्येक दुखणे निराळे

एका मुलाला चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा सांधा सैल असतो, त्यांना हिसक्याचे खेळ धोक्याचे. ज्यांना फिट येते, त्यांतल्या काहींना भराभर उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी फिट येऊ शकते. ताठर अंगाच्या मुलाचे स्नायू गार पाण्यात आणखी आवळतात. म्हणून पाण्यात न्यायचे तर उन्हाच्या वेळी न्यावे, थोडा वेळच ठेवावे आणि लगेच कोरडे करावे. कानाचे यंत्र पाण्याआधी काढून आईच्या पिशवीत ठेवावे. आजूबाजूला कितीही माणसे असोत, पाण्यात मुलाला हाताच्या अंतरावर ठेवावे.

स्वमग्न मुलांचे वेगळेच असते. त्यांना डॉक्टर ऑटिझम झाला असे म्हणतात. अंगाने मूल धडधाकट दिसते. पण भोंगा, गर्दी, ढोल हे त्याला सोसत नाही. ते कान झाकते, किंचाळते, जमिनीवर लोळते. बघणारे म्हणतात, "आईबापांनी लाडावून ठेवलंय." त्या आईबापांचे दुःख त्यांनाच ठाऊक! अशा मुलाला सुटीच्या दिवशी नेऊ नये. मधल्या वारी, सकाळी दार उघडताच न्यावे. कानात कापूस किंवा कानावर टोपी असू द्यावी. शांत झाड कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे. घरी आठ दिवस त्याला चित्रे दाखवून सांगावे, आधी गाडी, मग फाटक, मग पाळणा. काय होणार हे ठाऊक असले की त्याची भीती कमी होते.

रांग ही या मुलांची मोठी अडचण. कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले. रांगेत उभे राहणे ज्यांना जमत नाही, त्यांना तिथे परत येण्याची वेळ सांगतात. तोवर मुलाने सावलीत बसावे. २०१३ साली डिस्नेच्या उद्यानांत अशी गोष्ट उघडकीस आली, की काही पैसेवाले लोक अपंग माणसाला भाड्याने बरोबर घेत आणि त्याच्या नावावर रांग चुकवीत. पुढे नियम कडक झाले, त्याचा जाच खऱ्या गरजवंतांनाही झाला. लबाड माणूस सगळ्या मुलखांत सारखाच! आपल्याकडे अशी सोय सगळीकडे नाही. तरी फाटकावरच विचारावे. आदल्या दिवशी फोन करून विचारले तर अधिक बरे. चाकाची खुर्ची मिळते का, मोठ्या मुलाचे कपडे बदलायला जागा आहे का, सोबत्याला तिकीट पडते का, ही तीन विचारणे विसरू नका.

मुलाला उचलताना खुर्चीची चाके आधी अडकवावी, पाय ठेवायची पट्टी वर करावी. एका हाताला धरून कधी ओढू नये, खांदा निखळतो. दोघांनी मिळून उचलावे. मुलाच्या खिशात नाव, गाव, फोनचा नंबर आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ती तुमच्याच हाताने लिहा. आता येते ना!

कागद

सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला काढून घ्यावा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असले की बहुतेक सवलती लागू होतात. या दाखल्यावर आता देशभर चालणारे एकच कार्ड मिळते. जे सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाहीत, अशा अपंगांना रेल्वेच्या साध्या दुसऱ्या वर्गात आणि झोपायच्या डब्यात भाड्यात ७५ टक्के सूट आहे. एका सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचा वेगळा कागद लागतो, तो आधी करून घ्यावा. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारावे.

आपली जत्रा

मोठ्या उद्यानाला वर्षातून एकदा जाणे होते, तेही सगळ्यांना परवडत नाही. जत्रा मात्र आपल्या दारात आहे. ती आपल्याच पंचांच्या हाती आहे. घोड्यांच्या चक्रात एक बाक असतो, तो हळू फिरतो. सकाळी गर्दी नसताना पहिला अर्धा तास अपंग मुलांसाठी ठेवा आणि भोंगा बंद ठेवा, असे पाळणेवाल्याला जागा देतानाच सांगता येईल. त्याचे काही बिघडत नाही. एरवी त्या वेळी त्याचे चक्र रिकामेच उभे असते.

आणि देवळाच्या मंडपाला पायरी असते, तिथे फळी टाकावी. फळी फार उभी असू नये, नाहीतर खुर्ची मागे उलटते. हिशेब सोपा आहे. पायरी जेवढी उंच, तिच्या बारापट फळी लांब. पायरी सहा इंच असेल तर फळी सहा फूट हवी. दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी ठोकावी, म्हणजे चाक घसरत नाही. गावचा सुतार एका दुपारी हे करून देतो.