शिफारशीचे आयुष्य : कृषी संस्थांमधील ज्ञानव्यवस्थापन

कृषी संशोधन संस्थेचे काम शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ते बहुधा शिफारशीच्या रूपाने. अमुक वाण पेरावा, अमुक अंतरावर लागवड करावी, अमुक अवस्थेत पाणी द्यावे, अशी ही वाक्ये आकाराने लहान असतात. त्यांच्यामागे मात्र अनेक वर्षांच्या चाचण्या, अनेक केंद्रांची आकडेवारी आणि अनेक तज्ज्ञांचा विचारविनिमय असतो. शेतकरी त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आपला हंगाम पणाला लावतो. म्हणूनच ते वाक्य कोणी सांगितले, कोणत्या क्षेत्रासाठी सांगितले, केव्हा सांगितले आणि ते आजही लागू आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी संस्थेवर येते. ही जबाबदारी नियमांनी निश्चित करणे म्हणजे ज्ञानाचे नियमन आणि ती दैनंदिन कामात पार पाडणे म्हणजे ज्ञानाचे व्यवस्थापन. प्रस्तुत लेखात भारतीय कृषी व्यवस्थेतील उदाहरणांच्या आधारे या दोन्ही बाबींचा विचार केला आहे.

नोंद, माहिती आणि ज्ञान

पर्जन्यमापकात एखाद्या सकाळी आढळलेला २२ मिलिमीटर पाऊस ही नोंद होय. संपूर्ण महिन्याच्या नोंदी एकत्र मांडून त्यांची मागील वर्षांशी तुलना केली की माहिती तयार होते. 'या प्रकारच्या जमिनीत एवढी ओल झाल्यावर पेरणी केली असता उगवण समाधानकारक होते' हा निष्कर्ष म्हणजे ज्ञान. नोंदीपासून ज्ञानापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय कशाच्या आधारे घेतला, हे लिहिलेले नसेल तर पुढील व्यक्तीला ते ज्ञान तपासता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

ज्ञानाचे दुसरेही एक वर्गीकरण उपयुक्त आहे. अहवाल, पुस्तिका, प्रबंध यांत असलेले ज्ञान लिखित असते. पानाचा रंग पाहून अन्नद्रव्याची उणीव ओळखणे, मातीचा गोळा हातात दाबून वापसा जोखणे, हे ज्ञान अनुभवसिद्ध असते. संस्थेत दोन्ही प्रकारचे ज्ञान असते; परंतु कपाटात आणि संगणकात केवळ पहिलेच राहते. दुसरे माणसासोबत येते आणि माणसासोबतच जाते.

पडताळणी : ज्ञानाला अधिकार कसा मिळतो

भारतीय कृषी संशोधन परिषदेची स्थापना १९२९ मध्ये झाली. १९५७ मध्ये मक्यासाठी पहिला अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि पुढे बहुतेक प्रमुख पिकांसाठी हीच पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीचा गाभा असा की, एखाद्या पैदासकाराने विकसित केलेल्या वाणाचे मूल्यमापन एकट्या त्याच्या प्रक्षेत्रावर होत नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतील केंद्रांवर, समान आराखड्यानुसार, प्रचलित वाणांच्या तुलनेत त्याची चाचणी होते. चाचणीतील वाणांना सांकेतिक क्रमांक दिले जातात, जेणेकरून चाचणी घेणाऱ्याच्या मनात कोणाच्या वाणाविषयी पूर्वग्रह राहू नये. अनेक हंगामांचे निष्कर्ष वार्षिक कार्यशाळेत मांडले जातात. त्यानंतर वाणाची निवड, प्रसारण आणि बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये अधिसूचना हे टप्पे पार पडतात.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ज्ञान निर्माण करणारा आणि ते प्रमाणित करणारा हे वेगवेगळे असावेत. दुसरी गोष्ट, प्रत्येक शिफारशीला तिची हद्द असते. वायव्य मैदानी विभागात वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी प्रसारित झालेला वाण महाराष्ट्र व कर्नाटकाचा समावेश असलेल्या द्वीपकल्पीय विभागात आपोआप शिफारसपात्र ठरत नाही. वाणाचे नाव सांगून त्याचा विभाग, पेरणीची वेळ व पाण्याची स्थिती न सांगणे म्हणजे शिफारस अर्धवट सांगणे होय.

कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३९ नुसार नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकताना दिलेल्या परिस्थितीत त्यापासून कोणती कामगिरी अपेक्षित आहे, हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगणे आवश्यक आहे. त्या परिस्थितीत ती कामगिरी न मिळाल्यास शेतकरी प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईची मागणी करू शकतो.

जतन : ओळख हरवलेले बियाणे

राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची स्थापना १९७६ मध्ये झाली. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय जनुक बँकेत चार लाखांहून अधिक वाणनमुने उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात दीर्घकाळासाठी जतन केले आहेत. प्रत्येक नमुन्यासोबत तो कोठून, केव्हा व कोणी गोळा केला, त्याचे स्थानिक नाव काय, याची मूलभूत नोंद ठेवली जाते. जनुक बँकेच्या परिभाषेत या नोंदीला 'पासपोर्ट माहिती' म्हणतात. ही माहिती हरवली तर बियाणे जिवंत राहूनही त्याची उपयुक्तता मोठ्या प्रमाणात कमी होते. दुष्काळी प्रदेशातून आलेला नमुना कोणता, हे कळल्याशिवाय अवर्षणसहनशीलतेसाठी संशोधकाने कोठे शोधावे? शिवाय साठवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती ठरावीक कालावधीने तपासावी लागते आणि ती घटल्यास बियाणे पुन्हा शेतात वाढवून नवे करावे लागते.

संस्थेतील अहवाल व पुस्तिका यांनाही हेच दोन नियम लागू पडतात. प्रत्येक दस्तऐवजाला त्याची ओळख हवी आणि त्याची नियतकालिक तपासणी हवी. साठवण केली म्हणजे जतन झाले, असे होत नाही.

नोंदीचे महत्त्व हळदीच्या प्रकरणात जगाने पाहिले. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व दिले गेले. हा वापर भारतात घरोघरी परिचित होता. परंतु केवळ 'सर्वांना ठाऊक आहे' एवढे म्हणणे एकस्व कार्यालयापुढे पुरेसे नव्हते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लिखित पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

श्रेय : ज्ञान कोणाचे

कृषी ज्ञानाचा उगम प्रयोगशाळेतच होतो, असे मानता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातील 'पटेल-३' या भातात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे ठेवले आणि निवड करीत 'एचएमटी' हा वाण तयार केला. हा बारीक तांदूळ पुढे अनेक राज्यांत पसरला. कृषी विद्यापीठाने शुद्धीकरण करून 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला, तेव्हा मूळ निवडीच्या श्रेयाचा प्रश्न जाहीर चर्चेचा विषय झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने खोब्रागडे यांच्या कार्याची दखल घेतली.

या उदाहरणातून विस्तार यंत्रणेसाठी एक स्पष्ट नियम निघतो. शेतकऱ्याकडून बियाणे, पद्धत किंवा निरीक्षण मिळाले तर त्याचे नाव, गाव व दिनांक त्याच वेळी, त्याच्या संमतीने नोंदवावा. २००१ च्या अधिनियमाने शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. परंतु पहिली नोंदच नसेल तर पुढे तो हक्क सिद्ध करणे कठीण जाते. श्रेय मिळत नाही असा अनुभव आलेला शेतकरी पुढच्या वेळी आपले निरीक्षण सांगत नाही, आणि त्याचे नुकसान संस्थेलाही सोसावे लागते.

कालबाह्यता : शिफारस मागे घेण्याची जबाबदारी

नवी शिफारस समारंभपूर्वक जाहीर होते. जुनी शिफारस मात्र पुस्तिकांत, भिंतीवरील तक्त्यांत आणि लोकांच्या स्मरणात तशीच राहते. ज्ञानव्यवस्थापनातील सर्वाधिक दुर्लक्षित आणि शेतकऱ्याला सर्वाधिक महाग पडणारा भाग हाच आहे.

उत्तर भारतातील 'को ०२३८' या ऊसवाणाचे उदाहरण बोलके आहे. ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल येथील केंद्राने विकसित केलेला हा वाण २००९ मध्ये प्रसारित झाला. उत्पादन आणि साखर उतारा दोन्ही चांगले असल्याने उत्तर प्रदेशात त्याचा झपाट्याने प्रसार झाला आणि राज्याच्या एकूण ऊसक्षेत्रापैकी चार-पंचमांशांहून अधिक क्षेत्र त्याने व्यापले. प्रसारणानंतर सुमारे दहा वर्षांतच तो लाल कूज रोगाला मोठ्या प्रमाणात बळी पडू लागला. रोगकारक बुरशीने नवे रूप घेतले होते. पहिल्या शिफारशीत चूक नव्हती. ज्या परिस्थितीत ती दिली गेली, ती परिस्थिती बदलली होती. लाल कूज बेण्यामार्फत पसरते. त्यामुळे जुन्या कीर्तीवर विसंबून त्याच शेतातील बेणे वापरणारा, किंवा रोगट प्लॉटचा खोडवा राखणारा शेतकरी अधिक नुकसानीत गेला. तेथील यंत्रणांना बेणे बदलण्याचा व पर्यायी वाणांचा प्रचार हाती घ्यावा लागला. एकाच वाणाने मोठे क्षेत्र व्यापले असेल तेथे, मग तो प्रदेश कोणताही असो, हा धडा ध्यानात ठेवावा.

दुसरे उदाहरण कीटकनाशकांचे. हुमणीसाठी जमिनीत फोरेट मिसळण्याची शिफारस अनेक वर्षे प्रचलित होती. केंद्र शासनाच्या ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, डायक्लोरव्हॉस, ट्रायक्लोरफॉन आणि अलाक्लोर यांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. त्याआधी छापलेली पुस्तिका आज कोणी उघडली आणि तिच्यावर दुरुस्तीची चिठ्ठी नसेल, तर ती पुस्तिका वाचकाला बेकायदेशीर व आरोग्यास घातक सल्ला देते. छापताना ती अचूक होती, या कारणाने संस्थेची जबाबदारी संपत नाही.

परतीचा मार्ग : शेतातून संस्थेकडे

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज त्यांची संख्या सातशेहून अधिक आहे. शेतावरील चाचणी हे या केंद्रांचे एक प्रमुख कार्य आहे. तंत्रज्ञान स्थानिक परिस्थितीत टिकते का, हे या चाचणीत तपासले जाते. आद्यरेखा प्रात्यक्षिकाचा हेतू याहून वेगळा आहे. सिद्ध झालेले तंत्रज्ञान त्यात दाखवले जाते. दोहोंची गल्लत झाली की प्रतिकूल निष्कर्ष अपयश समजून झाकले जातात. वास्तविक, 'आमच्या तालुक्यात हे तंत्रज्ञान उपयुक्त ठरले नाही' हा निष्कर्ष संस्थेसाठी तितकाच मोलाचा आहे.

२००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरमध्ये शेतकऱ्यांचे प्रश्न नोंदवले जातात. एका प्रश्नाचे उत्तर एका शेतकऱ्याला उपयोगी पडते. परंतु एकाच जिल्ह्यातून एकाच आठवड्यात तोच प्रश्न वारंवार आला, तर ती संशोधकासाठी पूर्वसूचना असते. अशा नोंदींचे संकलन कोण करणार आणि निष्कर्ष कोणाकडे पाठवणार, हे आधीच ठरलेले असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कार्यपद्धती

१. प्रत्येक शिफारशीसोबत स्रोत, वर्ष, लागू क्षेत्र आणि अटी लिहाव्यात. मोबाइलवरील संदेशातही या चार बाबी असाव्यात; नसतील तर तो संदेश पुढे पाठवू नये.

२. खरीप व रब्बीपूर्वी कार्यालयातील पुस्तिका, तक्ते व जुने संदेश तपासावेत. बंदी आलेली रसायने आणि मागे पडलेले वाण यांवर ठळक शेरा मारावा. या कामासाठी एका व्यक्तीची नावानिशी नेमणूक असावी.

३. बदली किंवा निवृत्तीपूर्वी हस्तांतरण टिपण तयार करावे. चाचण्यांची ठिकाणे, सहकार्य करणारे शेतकरी, गावनिहाय समस्या आणि फसलेले प्रयत्न यांचा त्यात समावेश असावा. शक्य असल्यास जुन्या व नव्या कार्यकर्त्याने एकत्र शिवारफेरी करावी.

४. शेतकऱ्याच्या निरीक्षणासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि वरिष्ठांकडे पाठवलेल्या नोंदीचे पुढे काय झाले, हे त्या शेतकऱ्याला कळवावे.

प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपल्या वहीत वाण, बियाण्याचा स्रोत, पेरणीची तारीख, निविष्ठा व उत्पादन यांची नोंद ठेवावी आणि सल्ला घेताना 'ही शिफारस केव्हाची व कोणत्या भागासाठी आहे?' असे निःसंकोच विचारावे. या प्रश्नाने सल्लागाराचा अवमान होत नाही.

स्वाध्याय

अ) आपल्या कार्यालयातील कोणतीही एक पीक पुस्तिका घ्यावी. तिच्यातील प्रत्येक रासायनिक शिफारस आज वैध आहे का, ते विद्यमान अधिकृत यादीशी ताडून पाहावे.

आ) आपल्या गावात सर्वाधिक क्षेत्र व्यापणारा वाण कोणता, तो कोणत्या वर्षी व कोणत्या विभागासाठी प्रसारित झाला, याची नोंद करावी. त्याला पर्यायी असलेल्या दोन वाणांची माहिती मिळवावी.

इ) आपण आज बदलून गेलो, तर आपल्यासोबत निघून जाईल अशा पाच बाबी लिहून काढाव्यात. हस्तांतरण टिपणाची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.