विद्युत्-पंपाच्या केबलीचा ताप व त्यावरील पहारेकरी

रांजणगाव व आसपासच्या गावी आज मोटेचा आवाज ऐकू येत नाही. विहीर असो, कूपनलिका असो अगर घोड-भीमेचा काठ असो, पाणी उपसण्याचे काम आता विद्युत्-मोटारीकडे आहे. बैल दमला म्हणजे उभा राहतो व धन्यास ते कळते. मोटार मात्र दमली तरी ओढीतच राहते आणि अखेर जळते. तिला वेळीच उभी करणारे साधन म्हणजे स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले होय.

तारेतून प्रवाह वाहिला की उष्णता उत्पन्न होते व ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. म्हणजे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार साधारणतः साडेसात अँपिअर घेते. दाब कमी झाला, पंप गाळाने अडकला, अगर एक फेज गेला, तर हा आकडा चढतो. एक फेज गेल्यास उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोनपट व उष्णता तिप्पट होते.

साध्या पी.व्ही.सी. आवरणाच्या केबलीस ७० अंशांपर्यंतचा ताप सोसतो. चैत्र-वैशाखात हवाच ४० अंशांवर असते. तेव्हा शिल्लक मुभा अवघी ३० अंशांची. त्यातही उरलेली केबल वेटोळे करून ठेवल्यास उष्णतेस वाट मिळत नाही व आवरण वितळते.

रिलेमध्ये दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते, कळ सुटते व मोटार थांबते. पट्टीस तापण्यास वेळ लागत असल्याने, मोटार सुरू होतानाचा क्षणिक मोठा प्रवाह ती सोसते. तारा एकमेकींस चिकटल्यास मात्र फ्यूजच हवा; ते काम रिलेचे नव्हे.

प्रस्तुत लेखकाने एका उन्हाळ्यात, कांदा ऐन पोसण्याच्या वेळी, रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी मोटार जळाली. मागाहून पाहता एका फेजचा जोड सैल आढळला. रिले खरे सांगत होता. आम्हीच त्याचे तोंड बंद केले. मोटार भरून येईतो कांद्याचे जे व्हावयाचे ते झाले.

तस्मात् शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी पाळाव्यात. थेट सुरू होणाऱ्या स्टार्टरमध्ये काटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरच्या आकड्यावर ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या वाटेवर असतो, तेथे त्या आकड्याच्या शेकडा ५८ इतका ठेवावा. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. रिले आपोआप पूर्ववत होईल असा ठेवू नये, नाहीतर दोष कायम असता मोटार पुनःपुन्हा सुरू होऊन जळते. रिले पडल्यास प्रथम कारण शोधावे, मग बटण दाबावे. आणि पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करण्यास कदापि विसरू नये.