बर्फ न पडणाऱ्या गावाची थंडी

मानसरोवर म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर कैलासाच्या पायथ्याशी असलेले, हिवाळ्यात गोठून जाणारे सरोवर उभे राहते. याच नावाची एक विस्तीर्ण वसाहत जयपूर शहराच्या नैर्ऋत्य भागात आहे. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने ती वसविली. तेथे बर्फ पडत नाही. तरीही हिमालयातील बर्फाशी या वसाहतीचे नाते केवळ नावापुरते नाही.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या दिशेने वातावरणातील विक्षोभ पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. काश्मीर, लाहौल व किन्नौर येथे त्यांच्यामुळे हिमवृष्टी होते. राजस्थानात बहुधा ढग येतात आणि क्वचित पाऊस पडतो. या हिवाळी पावसाला तेथे ‘मावठ’ असे नाव असून रब्बीच्या पिकांना तो हवाहवासा वाटतो. ढगाळ रात्री फारशा थंड नसतात. विक्षोभ पुढे गेला, आकाश निवळले आणि उत्तरेकडील वारे वाहू लागले, म्हणजे खरा कडाका सुरू होतो. निरभ्र रात्री जमीन व छपरे आपली उष्णता आकाशात सोडून देतात आणि पहाटेपर्यंत पारा झपाट्याने उतरतो. म्हणून डोंगरात बर्फ पडल्याची वार्ता ही जयपूरकरांना आगाऊ मिळालेली सूचनाच समजावी.

मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस वा त्याखाली असून ते नेहमीच्या सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक उतरले, अथवा प्रत्यक्ष ४ अंशांवर वा त्याखाली आले, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग थंडीची लाट आल्याचे मानतो. लाहौलमधील शेतकऱ्याला ४ अंशांचे हसू येईल. परंतु त्याचे घर थंडीसाठी बांधलेले असते, जयपूरचे घर उन्हाळ्यासाठी. उंच छत, झरोके, थंडगार फरशी, उघडी गच्ची ही मे महिन्यातील सारी सुखे जानेवारीत वैऱ्यासारखी वागतात.

लाहौलचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. सुमारे ४,००० मीटर उंचीची रोहतांग खिंड हिमवृष्टीने बंद झाली, की हे खोरे कित्येक महिने उर्वरित हिमाचलापासून तुटत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरांहून किंचित अधिक लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि ती कोंडी बरीचशी फुटली. तोवर तेथील हिवाळ्याची तयारी भर उन्हाळ्यातच सुरू होई. पीठ, सुकविलेल्या भाज्या, वैरण व सरपण यांचा साठा होई. कडाक्यात सारे कुटुंब एकाच खोलीत वावरे. अनेक खोल्या उबदार ठेवण्याचा अट्टाहास कोणी करीत नसे. त्या खोलीच्या मध्यभागी पत्र्याची बंद चूल असते. तिला तेथे ‘तंदूर’ म्हणतात, आणि तिचा धूर नळीने छपराबाहेर जातो.

ही नळी फार मोलाची आहे. मैदानात मात्र लोक कोळशाची उघडी शेगडी खोलीत आणतात, थंडी येऊ नये म्हणून दारे-खिडक्यांच्या फटीही बुजवितात आणि झोपी जातात. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला यांतले काहीच कळत नाही. दरवर्षी उत्तर भारतात अशा रीतीने माणसे दगावतात, कधी कधी संपूर्ण कुटुंब. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा समज येथे घातक ठरतो. रसरशीत निखाऱ्यातूनही हा वायू येतच असतो. शेगडीवर शेकून घ्यावे, परंतु निजण्यापूर्वी ती घराबाहेर ठेवावी. ती आत असेतोवर एक खिडकी उघडी हवी. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरलाही हेच लागू आहे, आणि या बाबतीत महाराष्ट्रातील शहरे काही निराळी नाहीत. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे उघडावीत, त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

मग उष्णता राखायची कशी? जयपूरच्या प्रसिद्ध रजाईतच याचे उत्तर आहे. वजनाला हलकी असूनही ती ऊब देते, कारण बारीक पिंजलेल्या कापसात हवा अडकून राहते. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे हिताचे, तेही याच कारणाने. कपडे भिजले की त्यांतील हवेची जागा पाणी घेते आणि ऊब नाहीशी होते.

वृद्धांची व तान्ह्या मुलांची विशेष काळजी घ्यावी. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, की कुडकुडणे, बोबडी वळणे, गोंधळल्यासारखे वागणे अशी लक्षणे दिसतात. पुढे कुडकुडणे थांबते. ती सुधारणा नव्हे, प्रकृती ढासळल्याची खूण होय. अशा माणसाचे हातपाय चोळू नयेत. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घालावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. मद्य कदापि देऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि अंगातील उष्णता उलट वेगाने निघून जाते.

हे सर्व ज्याला घर आहे त्याच्यासाठी झाले. रस्त्याकडेला निजणाऱ्यांचे काय? २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या राजस्थान शाखेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्याच प्रकरणात २०१० मध्ये बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायम निवारा असावा, असे प्रमाण ठरविले. जयपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ३० लाखांवर होती. म्हणजे किमान तीन हजार जागा. त्यांची मोजणी लाट ओसरल्यावर नव्हे, दिवाळीच्या आधी व्हावयास हवी.