पिकअप बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमधून सतत आवाज येतो. पिकअप बदलू का?
– एक वाचक, हाटकेश, मीरा रोड

उत्तर : लगेच नको. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. दिशेनुसार आवाज कमी-जास्त झाला, तर ती ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. अशा गिटारचा सिंगल कॉइल पिकअप ती पकडतोच. त्यावर सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर बसवा. त्यातल्या दोन कॉइल गुणगुण परस्पर रद्द करतात. सूर मात्र जाडसर होतो; व्हॉल्यूम-टोनचे पॉट २५० ऐवजी ५०० किलोओहमचे लावल्यास धार टिकते. तारांना हात लावताच खरखर थांबत असेल, तर पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून ती गिटारच्या ग्राउंडला जोडा. सोल्डरिंगआधी जोडणीचा फोटो काढा आणि जुने पिकअप जपून ठेवा.