मुक्कामाची निवड

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम नावाचे नगर आहे. पूर्वी जेथे संत्र्यांच्या बागा होत्या, तेथे वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली ‘डिस्नेलँड’ हे भव्य क्रीडोद्यान उभारले. त्याच्या पूर्वेस हार्बर बूलेव्हार्ड हा हमरस्ता असून त्याच्या कडेने पुष्कळ मोटेले आहेत. ‘मोटार’ आणि ‘हॉटेल’ या शब्दांच्या संयोगातून ‘मोटेल’ हा शब्द बनला. मोटारीने येणाऱ्या प्रवाशांची तेथे राहण्याची सोय होते.

सहकुटुंब येणाऱ्याने यांतील कोणते निवडावे? नकाशावर उद्यानालगत दिसणारे मोटेल जवळचेच असेल, असे नाही. उद्यानात प्रवेश मिळतो तो ठराविक द्वारानेच. म्हणून अंतर मोजावे ते कुंपणापर्यंत नव्हे, तर द्वारापर्यंत. आणि तेही घरातील सर्वांत लहान मुलाच्या व वृद्ध आजीच्या पावलांनी. सकाळभर हिंडून थकलेल्या बालकाला दुपारी खोलीवर नेऊन निजवता आले, तर सायंकाळी सारे कुटुंब पुन्हा उत्साहाने उद्यानात जाऊ शकते. मुक्काम दूर असेल, तर एकाच्या थकव्याने सर्वांचाच आनंद मावळतो.

ज्याची शक्ती सर्वांत कमी, त्याच्या सोयीचा विचार जो आधी करतो, तोच प्रवासातील खरा वाटाड्या होय.